पोरींचं होईपर्यंत

त्या घरात फोन उचलायचं काम धाकटीचं होतं. वडिलांचे पाय शिलाई मशीनवर, आईचे हात सुईदोऱ्यात, थोरली सकाळीच बालवाडीत शिकवायला गेलेली, आणि आत्याला फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही. म्हणजे यायचं, पण ज्याचं उत्तर द्यायचं नसेल ते नेमकं यायचं नाही.

घर म्हणजे पुढे दुकान आणि पडद्यामागे दोन खोल्या. दुकानात कोट आणि पँटी शिवल्या जात. वडिलांना सगळी गल्ली मास्तर म्हणे आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आत्याला, तिच्या पाठीमागे हेडमास्तरीण. मास्तर कापड बेतत आणि शिवत. काजं करायचं काम आईचं. मशीनवर काज क्षणात पडतं, पण ते मशीनचं दिसतं. आई ते हाताने भरायची, टाक्याला टाका लावून, आणि शेवटचा टाका उलटा घेऊन दोरा कापडात जिरवायची. हा उलटा टाका तिला तिच्या आईने शिकवला होता. कोटाचं कौतुक मास्तरांचं व्हायचं. काजाकडे कोण बघतं?

त्या मंगळवारी सकाळी धाकटी पँटीची तुरपाई करत बसली होती. फोन वाजला. पलीकडून एका बाईंनी एक नाव घेतलं, आडनावासकट, आणि त्या आहेत का म्हणून विचारलं.

"अशा कुणी इथे राहत नाहीत," धाकटी म्हणाली.

"पण नंबर हाच दिलाय त्यांनी." बाईंनी आकडे वाचून दाखवले.

"नंबर आमचाच आहे. पण हे शिंप्याचं दुकान आहे. घरात आम्ही पाच माणसं, आणि त्यात हे नाव कुणाचंच नाही."

"शिंप्याचं दुकान," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "बरं. बघते मी पुन्हा."

धाकटी खोटं बोलली नव्हती. तिला जे ठाऊक होतं ते तिने सांगितलं. तिला जे ठाऊक नव्हतं ते मात्र इथेच सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी आईच्या मांडीत आतल्या बाजूला गाठ आली होती. ती काढली तेव्हा घरात आणि गल्लीत सांगितलं गेलं, की चरबीची होती, साधी होती. ती साधी नव्हती. हाडालाही नाही, कातडीलाही नाही, मधल्या मऊ भागात होणारा तो कॅन्सर होता, लाखात एखाद्याच्या वाट्याला येणारा. जे लाखात एखाद्याला होतं त्याच्यावर औषधंही थोडी आणि अभ्यासही थोडा. म्हणून त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी अशा विरळा गाठींच्या रुग्णांसाठी एक काम हाती घेतलं होतं. दर तीन महिन्यांनी एक नळी रक्त घ्यायचं, ते चाळायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसून बघायचं, की कोट्यवधी पेशींच्या गर्दीत त्या गाठीची निसटलेली एखादी पेशी सापडते का. कारण असला आजार दुसरीकडे घर करण्याआधी रक्तातून हिंडतो. तो हिंडताना दिसला, तर कदाचित घर करताना पकडता येतो.

आई दर तीन महिन्यांनी आत्याबरोबर 'कापड बाजारात' जायची आणि रक्त देऊन यायची. नाव नोंदवायच्या खिडकीवर आत्याने कुठल्याशा जुन्या शेजारणीचं नाव दिलं होतं, जी गल्ली सोडून कधीच निघून गेली होती. पत्ताही असाच. फोन नंबरसुद्धा तिने मनचाच दिला असता, पण खिडकीवरच्या माणसाने तिथल्या तिथे तो फिरवून बघितला. मग नाइलाजाने दुकानाचा द्यावा लागला.

आईच्या रक्ताचे आकडे असे होते: पहिल्या वेळी शून्य. दुसऱ्या वेळी शून्य. मग दोन. आणि आता चौदा.

चौदा पेशी मोजणाऱ्या बाईच त्या मंगळवारी फोनवर होत्या.

दुपारी जेवताना धाकटीने सहज तो फोन सांगितला, नावासकट. आईचा घास हातात राहिला. आत्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

"राँग नंबर असेल," आत्या म्हणाली. "पुन्हा आला तर तसंच म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. दुकान कसलं, घरात माणसं किती, हे सगळं पुराण कशाला लावायचं? उद्या कुणी येऊन घर साफ करून जाईल."

"घरात साफ करण्यासारखं आहे काय आत्या? बॉबिनी?"

"तोंड बघा पोरीचं. हिला कोण पत्करणार आहे देव जाणे."

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मास्तर हात धुवायला उठले आणि लगेच मशीनचा आवाज सुरू झाला. त्या घरात काही टाळायचं असलं की मशीन जरा जोरात चाले.

गुरुवारी पुन्हा फोन आला. "ताई, ठेवू नका," बाई घाईने म्हणाल्या, "फक्त एवढं सांगा, तुमचं दुकान कुठे..." धाकटी सांगणारच होती. तेवढ्यात आत्याचा हात आला आणि फोन बंद झाला. आत्याला इतक्या चपळाईने हलताना धाकटीने कधी पाहिलं नव्हतं.

तिसरा फोन रविवारी आला. रविवारी थोरलीच्या सासरची, म्हणजे होणाऱ्या सासरची माणसं तारीख पक्की करायला आली होती. माणसं सरळ होती. सासरा गप्पिष्ट, सासू मोजकं बोलणारी, मुलगा छापखान्यात जुळणी बघणारा. चहाचे कप फिरत होते आणि आठ आठवड्यांनंतरची तारीख निघत होती. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आत्याने धाकटीकडे एकदाच बघितलं. धाकटीने उचलला, पलीकडचं नाव पुरतं ऐकलंही नाही, आणि रेडिओवरच्या बाईसारखा आवाज काढून म्हणाली, "क्षमा करा, राँग नंबर."

खोली हसली. सासरा म्हणाला, "ही पोरगी कचेरीत शोभेल."

आई कोपऱ्यात चहा गाळत होती. तिची गाळणी कपावर तशीच धरलेली राहिली, चहा सगळा खाली उतरला तरी. धाकटीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, आईला थोरली जाणार म्हणून भरून आलं.

*

पुढच्या आठवड्यात एक बाई दुकानात आल्या. तिशीच्या आसपास, चेहऱ्यावर उन्हात फिरल्याचा शीण. त्यांनी पिशवीतून एक पांढरा कोट काढून फळीवर पसरला, दवाखान्यात घालतात तसला.

"याचं हे काज," त्या मास्तरांना म्हणाल्या, "हे कुणी केलंय सांगता येईल?"

मास्तरांनी चष्मा खाली ओढून बघितलं. चार काजं मशीनची, एक हाताचं. मास्तरांनी चष्मा पुन्हा वर सरकवला.

"हे चौथं दुकान," बाई म्हणाल्या. "पहिल्या दोघांना ओळखता आलं नाही. तिसरे म्हणाले, शेवटचा टाका उलटा घेणारा हात या भागात एकच आहे, मास्तरांच्या घरातला."

धाकटी पुढे झाली. "आईचंच आहे. पण तुमच्या कोटाला ते कसं काय?"

"त्या बाकावर बसल्या होत्या, त्यांचा नंबर यायचा होता. माझं काज फाटलेलं दिसलं. म्हणाल्या, काढा कोट. पाच मिनिटांत करून दिलं." बाईंनी पडद्याकडे बघितलं. "मला त्यांनाच भेटायचंय. दुसऱ्या कुणाशी काही बोलता येणार नाही मला."

त्यांचा आवाज ऐकून धाकटीला तो ओळखीचा वाटायला लागला होता. तेवढ्यात पडदा सरला आणि आई आली. तिने कोटाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. आत्या नेमकी दूध आणायला गेली होती.

"या आत," आई म्हणाली. आणि मग धाकटीला ऐकू जाईल असं, "माप घेते तुमचं."

पडदा पडला. पडदा कापडाचा होता आणि धाकटीचे कान तरुण. जे तिने ऐकायला नको होतं ते तिने सगळं ऐकलं.

"तुमच्या पत्त्यावर गेले तर तिथे चपलांचं दुकान निघालं," बाई सांगत होत्या. "पत्र टाकलं ते परत आलं. फोन केले. डॉक्टरांना विचारूनच निघालेय मी."

"फोनचं माहीत आहे. तिसरा आला तेव्हा मी इथेच बसले होते."

"मग तुम्ही का नाही..."

आईने त्यांना पुरं बोलू दिलं नाही. "काय निघालंय ते सांगा."

"मागच्या वेळी दोन पेशी होत्या. या वेळी चौदा."

"चौदा म्हणजे पुष्कळ का?"

"समजा गोदामभर बटणं आहेत, सगळी एकसारखी. त्यात चौदा वेगळी निघाली. ती कुठून तरी सांडली असणार ना? ती कुठली, तेवढंच बघायचंय. आजार परत आलाच आहे असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण छातीचा फोटो काढायला हवा, मोठ्या मशीनवर. हा आजार परतला तर आधी फुप्फुसात जातो. तिथे एखादा ठिपका असला आणि लवकर हाती लागला, तर कापून काढता येतो."

"फोटोला किती वेळ?"

"एक सकाळ."

"आणि कापायचं ठरलं तर?"

"दहा-बारा दिवस रुग्णालयात. मग दीड महिना विश्रांती."

आत सुयांचा डबा उघडल्याचा आवाज आला.

"सात आठवड्यांवर पोरीचं लग्न आलंय," आई म्हणाली.

"पुढे ढकला."

"ढकललं की का ते विचारतात."

"सांगा मग. या जातीचा आजार आईकडून लेकीकडे जातो असं तुमच्या बाबतीत नाही. डॉक्टरांनी ते तपासून घेतलंय. लागण होत नाही, वारसा नाही. कागदावर लिहून देतो आम्ही."

आई हसली. ते हसू धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यात आनंद असा काहीच नव्हता. "कागद कोण वाचतं हो? तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"घरी बघतायत?"

"बघतायत."

"बघायला आलेल्यांना तुमची आई काय सांगते, मुलगी कुठे काम करते?"

बाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "रक्तातली साखर तपासतात तिथे."

"मग?" आई म्हणाली.

एवढ्या एका शब्दावर ते बोलणं संपलं. निघताना बाईंनी आईचा हात धरला. "मी तुम्हाला ओढून नेऊ शकत नाही. तुमचं शरीर आहे, तुमचा निर्णय. पण मी त्या चौदा पेशी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या तुमच्या तारखेसाठी थांबणार नाहीत."

"लग्न झालं की दुसऱ्या दिवशी येते. शब्द देते," आई म्हणाली. आणि कोटाची उरलेली चार काजंही तिने भरून दिली. बाई नको नको म्हणत होत्या.

*

बाई गेल्यावर आईने पडदा उघडला. धाकटी तिथेच उभी.

"ऐकलंस?"

"दोन वेळा मी नाही म्हटलं गं आई. तुलाच नाही म्हटलं."

"तुला काय माहीत होतं?"

"आता आहे ना. मी ताईला सांगते."

"सांग. ती लग्न मोडेल, तुला माहितेय तिचा स्वभाव. मग मी बरी झाले तरी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू? आत्याचं काय झालं ठाऊक आहे ना तुला?"

धाकटीला ठाऊक होतं. आत्याचं लग्न ठरलं होतं, वीस वर्षांची असताना. तेव्हा तिच्या आईला दमा होता. कुणीतरी म्हणालं दमा नव्हे, क्षय आहे, आणि चार दिवसांत ठरलेलं मोडलं. पुन्हा जुळलं नाही. आत्या भावाच्या घरी राहिली आणि भावाच्या पोरी तिने वाढवल्या, त्यांची तापाची आजारपणं रात्र रात्र मांडीवर घेऊन काढली. तिने जे केलं ते वैराने केलं नाही. जे तिच्या वाट्याला आलं ते पोरींच्या वाट्याला येऊ नये म्हणून केलं. या घातकी रीतीचं बळ यातच आहे. ती दुष्टांच्या नव्हे, मायेच्या माणसांच्या हातून चालते.

"पोरींचं होईपर्यंत तग धरायचाय मला," आई म्हणाली. "फार मागत नाहीये मी देवाकडे."

"पोरींचं म्हणजे? माझंही?"

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. तो ओवला जाईना. धाकटीने सुई तिच्या हातून घेतली, ओवून दिली, आणि गप्प बसली.

त्या दिवसापासून ती सात आठवडे गप्प बसली. मास्तरांना सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ते गप्प होते. आत्या गप्प होती. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिला मात्र एका अक्षराने कुणी विचारलं नाही. थोरली बालवाडीतून येऊन मुलांच्या गमती सांगायची आणि चौघंही जरा जास्तच हसायची.

आईला खोकला सुरू झाला. आत्या म्हणाली, कापडाचा तूस जातो घशात. गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं. आईने नवरदेवाचा कोट स्वतः पुरा केला. शेवटी शेवटी ती दोन टाके घालून थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा दोन टाके. मास्तर एकदा म्हणाले, "राहू दे, मशीनवर पाडतो." आई म्हणाली, "जावयाचा कोट आहे." मास्तर मशीनवर जाऊन बसले.

लग्न नीट पार पडलं. सगळ्यांनी सांगितलं, कुठे काही कमी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई रुग्णालयात जायला तयार होऊन बसली. शब्दाची ती पक्की होती. आत्या म्हणाली, "आता पोरीचं येणं-जाणं सुरू होईल, सासरची माणसं येतील. तू घरात नाहीस म्हटल्यावर काय सांगायचं? पंधरा दिवस जाऊ दे." पंधराचे बावीस दिवस झाले.

तेविसाव्या दिवशी धाकटी कुणाला न विचारता आईला घेऊन निघाली. दारात आत्या आडवी आली. धाकटीने तिला बाजूला सारलं. हात लावून, जोर लावून सारलं. या घरात असं कधी घडलं नव्हतं.

मोठ्या मशीनवरचा फोटो डॉक्टरांनी उजेडासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते, पुष्कळ. डॉक्टर उगाच धीर देणाऱ्यातले नव्हते आणि उगाच दोष देणाऱ्यातलेही नव्हते. ते म्हणाले, "आता कापण्यासारखं राहिलं नाही. औषध देऊ, त्याने थोडं थांबेल."

"आकडा चौदा निघाला तेव्हाच आलो असतो तर?" धाकटीने विचारलं.

"तेव्हा काय दिसलं असतं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित एकच ठिपका. एक असता तर काढला असता."

रक्तवाल्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. आईच त्यांना म्हणाली, "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही चांगलं शोधलंत. आम्हीच लपून बसलो."

आई त्यानंतर चार महिने जगली. थोरलीला कळलं ते अगदी शेवटी, ऑक्सिजनची नळी बघून. ती आईजवळ काही बोलली नाही. स्वयंपाकघरात येऊन तिने आत्याला आणि मास्तरांना एकच विचारलं, "माझ्या लग्नासाठी काय द्यायचं आणि काय नाही, हे मला विचारायचं नव्हतं का?" आत्या म्हणाली, "हळू बोल. तुझ्या सासरी न्यूमोनिया सांगितलंय."

आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या दारातच न्यूमोनिया सांगत होती. कारण अजून धाकटी उरली होती.

*

वर्ष उलटलं. काजं आता मशीनवर पडत होती. धाकटीने आईचा टाका हातात धरून पाहिला, जमलाही. पण चार काजांनंतर तिचे डोळे भरून यायचे आणि कापडावर डाग पडायचे.

मग धाकटीसाठी माणसं आली. मुलगा, त्याचे वडील, त्याची आई. आत्याने चार दिवस आधीपासून पढवून ठेवलं होतं: कमी बोल, खाली बघ, जीभ आवर. धाकटी खुर्चीत बसली. शिक्षण विचारून झालं, शिवणकाम विचारून झालं. मुलगा बरा होता, तिच्या एका उत्तरावर मनापासून हसलाही.

मग त्याच्या वडिलांनी, काही वाकडं मनात न आणता, रीतीप्रमाणे विचारलं, "आई कशाने गेल्या तुझ्या?"

"न्यूमोनिया," आत्या म्हणाली. "चार दिवसांत खेळ संपला."

"नाही," धाकटी म्हणाली.

मास्तर मशीनवर नव्हते. त्या दिवशी तेही खोलीत बसले होते, त्यामुळे आवाजाचा आडोसा नव्हता.

"कॅन्सरने गेली," धाकटी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मांडीत गाठ होती, मग छातीत गेला. तो तिथे वाढायच्या आत तिच्या रक्तात दिसला होता. दवाखान्यातून तीन फोन आले. तिन्ही मी उचलले, आणि दोन वेळा माझी आई इथे राहत नाही असं सांगितलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नंतर ठाऊक झालं, तरी सात आठवडे मी तोंड उघडलं नाही. ताईचं लग्न व्हायचं होतं. आता माझं व्हायचंय म्हणून आई न्यूमोनियाने गेली असं सांगतात. माझ्यासाठी आणखी एकदा तिला नाही म्हणायचं मला जमणार नाही. तुम्हाला उठायचं असेल तर उठा. मला राग नाही."

आत्याने तोंडावर हात घेतला. मग कसंबसं हसून म्हणाली, "पोर आईवेडी आहे, काहीबाही बोलते..."

"खरं बोलतेय ती," मास्तर म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी या विषयावर उच्चारलेले हे पहिले शब्द.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. "कळवतो," एवढंच म्हणाले आणि उठले. मुलगा एकदा वळून बघत गेला. त्याच्या आईने कुणाकडेच बघितलं नाही, ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

दार लागलं. आत्या भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. "कोण करणार आता तुला? सगळं माझ्यासारखं करून घेतलंस." धाकटी तिच्या शेजारी बसली. रागाने बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. ते न बोलता तिने आत्याचा हात हातात घेतला. मास्तर कप गोळा करायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

दारावर हलकी थाप पडली.

मुलाची आई होती. एकटीच. तिने मागे वळून रस्त्याकडे बघितलं आणि आत आली.

"चष्मा राहिला म्हणून आले," ती म्हणाली. मग धाकटीला दुकानाच्या कोपऱ्यात, कोट टांगलेल्या दांडीमागे घेऊन गेली. "ते रक्त बघतात म्हणालीस, ते कुठे? कुणालाही बघतात का?"

"कुणासाठी विचारताय, काकू?" धाकटी म्हणाली.

"पाठीत गाठ आहे माझ्या. दोन वर्षं झाली. आधी लिंबाएवढी होती." तिने हाताने दाखवलं, आता केवढी आहे ते. "घरात कुणाला बोलले नाही. म्हटलं, मुलाचं होऊन जाऊ दे."

"काकू, रक्ताचं नंतर. आधी गाठ दाखवायला हवी. उद्याच."

"उद्या यांना काय सांगू?"

"मला वाटतं, खरं सांगा. तुम्हाला एकटीला सांगवत नसेल तर मी येते आणि तुमच्या शेजारी उभी राहते."

रस्त्यावरून तिच्या नवऱ्याची हाक आली, "अगं, सापडला का चष्मा?"

चष्मा तिच्या मुठीतच होता. तिने पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दाराबाहेर तिचा मुलगा उभा होता, त्याचे वडील उभे होते, आणि तिची दोन वर्षं उभी होती.

"नाही अजून," तिने हाक दिली. मग मास्तरांच्या स्टुलावर बसत धाकटीला म्हणाली, "बोलाव त्यांना आत. दोघांनाही. आणि तू इथेच थांब."